कोठीबाबा आणि अकरावं दार

४ ऑगस्ट, सोमवार. दुपार.
आमच्या सृष्टीनं साताऱ्याहून पार्सल धाडलं. आठ इंग्रजी पुस्तकं. आठही पुस्तकांत एकच साधू. इंग्लंडातला, आठनऊशे वर्षांपूर्वीचा. मठाची कोठी सांभाळतो. धान्य, चीज, मेणबत्त्या सगळं त्याच्या ताब्यात. आणि मधल्या वेळात खून उलगडतो. नाव उच्चारायला जड, म्हणून मी त्याला कोठीबाबा म्हणायचं ठरवलं.
सोबत चिठ्ठी: बाबा, रिटायर झाल्यापासून तुम्ही सारखे आईच्या मागं मागं असता म्हणे. हे वाचा.
मी कुणाच्या मागं नसतो. घराला सुपरव्हिजन लागतं.

७ ऑगस्ट
तीन पुस्तकं संपली. सहा माणसं मेली. माझं बीपी उतरलं. डॉक्टरांनी गोळी अर्धी केली.
या गोष्टी एवढ्या गोड का लागत असतील, यावर सकाळभर विचार केला. एकतर मोबाईल नाही. सीसीटीव्ही नाही. पोलीस म्हणजे एक जाडा सरदार, तो हमखास भलत्यालाच धरतो. मठाला भिंत, भिंतीला एक दार, दिवस मावळला की दार बंद. म्हणजे खुनी आतलाच. प्रार्थनेची घंटा झाली की मुडदा आहे तिथं ठेवून सगळे गायला जातात. काय ती शिस्त! आणि कोठीबाबाकडं काय आहे? नुसते डोळे. आणि दम. शेवटी खुनी सापडला की त्याच्यासाठीसुद्धा प्रार्थना करतो आणि चीज मोजायला जातो.
अरे, हा तर मीच. एकतीस वर्षं तासगावात बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला स्टोअरकीपर. बॉक्स न फोडता, नुसत्या वासावरनं माल कुठल्या शेडचा ते सांगायचो. फरक इतकाच की आमच्याकडं कधी खून झाला नाही. झाला असता तर उलगडला असता.
संकल्प: असं पुस्तक मराठीत आपण लिहायचं. शिलाहार राजांचा काळ, आपला मुलूख, आणि डिटेक्टिव्ह कोण? दिगंबर मुनी! रोज चार पानं. दिवाळीपर्यंत तीनशे.

९ ऑगस्ट
पाने: शून्य. पण तयारी जोरात.
अडचणी आहेत. कोठीबाबा कंदील घेऊन प्रेताजवळ जातो. आमचे मुनी दिवस मावळल्यावर हलत नाहीत, बोलत नाहीत. कोठीबाबा विष चाखून ओळखतो. आमचे मुनी दिवसातनं एकदाच, उभ्यानं, हातांच्या ओंजळीत अन्न घेणार, ते पण श्रावकानं दिलं तर. झुडपात पुरावा सापडला तर हिरव्यावर पाय द्यायचा नाही. पावसाळ्याचे चार महिने गाव सोडायचं नाही, म्हणजे खुन्यानं शेजारच्या गावाला पाय काढला की केस संपली.
मोठ्या लेखकांना अडचणी येतातच.

१२ ऑगस्ट
आज पहिलं वाक्य लिहिलं: ‘पहाटे बसदी-मंदिराच्या ओट्यावर नगरशेठ मरून पडला होता.’ चंदनबालाला मोठ्या हौसेनं वाचून दाखवलं. ती मूग निवडत होती. म्हणाली, आवं, कशाला मारलासा त्याला?
मी म्हटलं, कागदावर मारलाय.
म्हणाली, कागदावर मारला तरी मारायची बुद्धी झालीच की. पिठाचं कोंबडं करून कापलं तरी पाप लागतंय, प्रवचनात ऐकलोय मी. आणि घरात मुनीमहाराजांच्या आहाराचा चौका चालू हाय माझा. ह्या चार महिन्यांत तरी कुणाला मारू नगासा.
बायकोशी वाद घालण्यात अर्थ नाही. नगरशेठला बेशुद्ध केला.

१३ ऑगस्ट
बेशुद्ध माणूस शुद्धीवर येऊन कुणी मारलं ते सांगून टाकतो. पुस्तक दुसऱ्याच पानावर संपलं.
शिवाय नवी भानगड लक्षात आली. मुनींनी खुनी ओळखला तरी नाव सांगता येणार नाही, कारण राजा त्याला सुळावर देणार, ती हिंसा मुनींच्या माथी. म्हणजे शेवटच्या पानावर मुनींना सगळं कळलेलं आहे आणि ते गप्प आहेत. साहित्यात असं कुणी केलं नसेल. वाचक काय म्हणतील ते वाचक बघतील.

१५ ऑगस्ट, शुक्रवार
झेंडावंदन करून आलो तर चंदनबाला दारातच बसलेली, मांडीवर कलश, डोळ्यांत पाणी. आज पण महाराज पुढं गेले.
हे आता सविस्तर लिहून ठेवतो. यंदा गावात महाराजांचा चातुर्मास आहे. बेळगावकडचे, सत्तरीचे, अंगानं काटकुळे. रोज सकाळी दहाला आहाराला निघतात. निघताना मनात एक नियम धरतात, आज अमुक दिसलं तरच थांबायचं. दोन नारळ म्हणा, पिवळं लुगडं म्हणा, काहीही. तो नियम कुणाला सांगत नाहीत. उजवा हात खांद्याला लावून, खाली बघत चालतात. आपण दारात सोवळ्यानं उभं राहून ‘नमोस्तु, तिष्ठ तिष्ठ’ म्हणायचं. नियम जुळला तर थांबतात, नाही जुळला तर पुढं. कुठंच नाही जुळला तर तसेच उपाशी मंदिरात परत. पाण्याचा थेंबसुद्धा दुसऱ्या दिवशीच.
मंदिरापासून आमचं अकरावं दार. चंदनबाला गुरुपौर्णिमेपासून रोज पहाटे चारला उठते, पाणी गाळते, उकळते, सगळा स्वैपाक सोवळ्यात करते. छत्तीस दिवस झाले. महाराज एकदाही थांबले नाहीत. तिनं तर गोडच सोडलंय. आपल्या हातनं आहार होईस्तोवर साखर-गूळ बंद. चहा बिनसाखरेचा पिते आणि तोंड वाकडं करते.
म्हणाली, माझ्या आईच्या हातनं झालता, आजीच्या हातनं झालता. माझ्याच हाताला काय हाय कुणाला ठावं. साठ झाली मला, परत गावात चातुर्मास कवा व्हायचा?
 आणि त्याच क्षणी डोक्यात लख्ख उजेड पडला. बंद गल्ली. एक साधू. एक गुपित. रोज एक बळी (चंदनबाला). ही तर केस आहे! मी इथं शिलाहारांच्यात काय शोधत बसलोय?
वचन दिलं: चंदना, दहा दिवसांत महाराजांच्या मनातला नियम काढून दाखवतो. ती म्हणाली, तुमी नुसतं गप उभारला तरी लय हुईल.

१६ ऑगस्ट
तक्ता केला. तारीख, महाराज थांबले ते घर, त्या घराच्या हातात काय होतं, लुगड्याचा रंग, किती माणसं. पेन्सिलीनं. एकतीस वर्षांच्या स्टॉक रजिस्टरचा हात आहे, चूक होणे नाही.

१९ ऑगस्ट
शेजारच्या लीलाबाईंच्या दारात महाराज आजवर तीन वेळा थांबले. तीन! तिन्ही वेळा त्यांच्या हातात केळी होती. निष्कर्ष उघड आहे.
उद्या केळी.

२० ऑगस्ट
केळी धरली. महाराज पुढं गेले. चार दारं सोडून कोपऱ्यावरच्या घरात थांबले, तिथं पेरू होता.
बहुधा नियम रोज बदलतो. हे आधी कुणी सांगायला हवं होतं.

२३ ऑगस्ट
कोठीबाबाची पद्धत: साक्षीदाराला थेट विचारायचं नाही, गप्पांत गुंगवायचं. दुपारी मंदिरात जाऊन महाराजांपुढं बसलो. हवापाण्याचं बोललो. मग सहज म्हटलं, महाराज, माणूस नियम धरताना साधारण कशाचा विचार करत असेल? फळांचा, का रंगांचा?
महाराज हसले. बारीक, पण हसले. म्हणाले, सांगितला तर तो नियम राहतो का, अण्णा? मग ती ऑर्डर झाली. हॉटेलात देतात तशी.
बाकीचे पण हसले. आणि महाराज म्हणाले, तुम्ही जरा हळू बोला, मागं पाठ चाललाय.
मी हळूच बोलत होतो. कॉम्प्रेसरच्या शेजारी जन्म गेल्यामुळं कुजबुजायचं कसब माझ्याइतकं कुणाकडं नाही.
तपासाचं फलित: महाराजांनी ‘फळ’ शब्द ऐकल्यावर पापणी हलवली. फळच आहे.

२५ ऑगस्ट
आज तबकात फळं: केळी, पेरू, सीताफळ, मोसंबी, डाळिंब, पपई. तबक जड झालं. चंदनबालाचा हात थरथरायला लागला, पपई गटारात गेली. महाराज पुढं गेले.
फळ नाही.

२८ ऑगस्ट
आजपासून दशलक्षण पर्व. दहा दिवस संयम. मी स्वतःहून जाहीर केलं, या दहा दिवसांत खुनाचं पुस्तक उघडणार नाही. चंदनबालाला बरं वाटलं. तिचा एकवेळ जेवणाचा नियम आहे.

३० ऑगस्ट
पाचवं पुस्तक उघडलं. फक्त ज्या पानांवर खून नाही तेवढीच पानं वाचायची असं ठरवलंय. पण कुठल्या पानावर खून नाही हे वाचल्याशिवाय कळत नाही. लेखकानं सोय ठेवायला हवी होती.

२ सप्टेंबर
लीलाबाईंवर संशय पक्का. तीन वेळा थांबतात म्हणजे योगायोग नव्हे. आतनं बातमी फुटतेय. सकाळी साडेनऊला त्यांच्या मागं मागं मंदिरापर्यंत गेलो. खांबाआड उभा राहिलो. बाई आत गेल्या, अर्घ्य वाहिलं, बाहेर आल्या आणि सरळ माझ्या खांबाकडं आल्या. म्हणाल्या, काय वो भावजी, काय पायजे?
मी म्हटलं, काही नाही, खांब बघत होतो. शिलाहार काळातला वाटतो.
म्हणाल्या, गेल्या सालच्या सिमिटाचा हाय त्यो. माझ्या नवऱ्यानंच बांधलाय.

३ सप्टेंबर
लीलाबाईंनी ते सगळ्या गल्लीला सांगितलं. चंदनबाला त्यांच्या घरी जाऊन माफी मागून आली. पर्वात कुणाचं मन दुखवायचं नसतं, म्हणाली. येताना एवढंच बोलली: त्या म्हणत्यात, मी काय धरतच न्हाई मनात, दारात उभारतो आणि णमोकार म्हणतो.
मुरलेला गुन्हेगार असंच सांगतो.

६ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी
पर्व संपलं. क्षमापनेला सगळ्यांच्या पाया पडून क्षमा मागितली. लीलाबाईंची पण. त्यांनी पण माझी मागितली. यात कबुली किती आणि रीत किती, तक्त्यात नोंद करता येईना.

१४ सप्टेंबर
मोठा शोध! चंदनबालाची आजी म्हणे सांगायची, पूर्वीच्या एका महाराजांनी नियम धरला होता की दारात पांढरी गाय दिसली तरच थांबायचं. सहा दिवस उपास पडले होते. म्हणजे फळं, रंग हे सगळं किरकोळ. खरा नियम जनावराचा!
चंदनबालाचा धाकटा भाऊ गुंडा. द्राक्षबागवाला. त्याच्याकडं पांढरी खिलार गाय आहे. फोन केला. म्हणाला, दाजी, गाय मारती. म्हटलं, आण.

१५ सप्टेंबर
गाय आणली. पावणेदहाला दारात बांधली. चंदनबाला एका बाजूला कलश घेऊन, मी दुसऱ्या बाजूला धोतर-उपरण्यात. चित्र अगदी पुराणातलं.
दहाला गायीनं कलशावरचा नारळ पाडला, आंब्याची पानं खाल्ली आणि दावं तोडून गल्लीत आडवी झाली. महाराज तिसऱ्या दारापर्यंत आले होते. थांबले. बघितलं. मागं फिरले. पलीकडच्या गल्लीनं गेले. तिथं कुठंच नियम जुळला नाही. महाराजांना उपास पडला.
चंदनबाला दिवसभर जेवली नाही. मी विचारलं, तुझा काय दोष? म्हणाली, दोष कुणाचा का असंना, माझ्या दारातल्या गाईमुळं म्हातारा माणूस उपाशी हाय.
मीही जेवलो नाही. म्हणजे संध्याकाळी साडेपाचपर्यंत. दिवस मावळल्यावर चालत नाही म्हणून मग घ्यावंच लागलं.
तक्त्यात लिहिलं: गायीचा परिणाम होतो. दिशा तपासायची.

२२ सप्टेंबर
ऊस. नाही.

२६ सप्टेंबर
पिवळं लुगडं, हिरव्या बांगड्या, तीन कलश. नाही. लीलाबाईंकडं चौथ्यांदा थांबले. विटका काठ, एक नारळ.

३ ऑक्टोबर
सातवं पुस्तक संपलं. त्यात मठाधिपती सगळ्यांच्या देखत जेवणाच्या टेबलावर मरतो. तिसऱ्या घासाला. लय भारी प्रसंग. तीनदा वाचला.
चंदनबाला आज म्हणाली, उद्यापासनं मी काय बी धरणार न्हाई. पयल्या दिवशीगत उभारतो. तुमचा तक्ता ठेवा बाजूला.
म्हटलं, चंदना, अगदी शेवटच्या टप्प्यावर धीर सोडायचा नाही. उद्याचं निरंजन माझ्या मनासारखं राहू दे, बाकी तुझं. अशी तडजोड झाली.

९ ऑक्टोबर, गुरुवार
थांबले.
महाराज थांबले! आमच्या दारात! नव्वदाच्या वर दिवसांनी!
आधी सकाळचं लिहितो. निरंजन, एक नारळ, चंदनबालाचं जांभळं लुगडं. उजवीकडं मी, डावीकडं गुंडा. तो सहज आला होता, त्याला पण धोतर नेसवून उभा केला. महाराज आले. आमच्यापुढं पाय थबकले. चंदनबाला निरंजन सावरत राहिली. गुंडानंच ‘तिष्ठ तिष्ठ’ म्हटलं. तीन प्रदक्षिणा घातल्या. मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी, आहारजल शुद्ध आहे म्हणून आत घेतलं. पाय धुतले. चंदनबाला रडत होती आणि हसत होती. मला आयुष्यात इतका आनंद झाला नव्हता. निरंजनाची थिअरी माझी.

९ ऑक्टोबर. संध्याकाळ.
पुढचं लिहायला हवं.
महाराज ओंजळ करून उभे. चंदनबालानं पहिल्यांदा पाणी दिलं. मग भाकरी-दुधाचा घास. दुसरा घास. माझ्याकडं काही काम नव्हतं, मी मागं गुंडाशेजारी. समोर त्या दृश्याचा थाट: शांत खोली, सगळे हात जोडून, मधोमध एक साधू, हातात घास. मला एकदम सातवं पुस्तक आठवलं. आणि मी गुंडाच्या कानात, अगदी कानात, कुजबुजलो: बघ, पुस्तकात अगदी अस्संच, तिसऱ्या घासाला विष, मठाधिपती तडफडून मेला, रक्ताची उलटी.
महाराजांनी ओंजळ सोडली. घास खाली ताटलीत पडला. खाली बसले. हात जोडले. झालं.
अंतराय म्हणतात याला. आहार चालू असताना घासात केस दिसला, जीव दिसला, आक्रोश ऐकला, मरणाचं-रक्ताचं बोलणं कानावर पडलं, की त्या दिवशीचा आहार तिथंच संपला. त्यावर पाणीसुद्धा नाही. लहान पोराला ठाऊक असतं. मलाही आहे. पण मी कुजबुजलो होतो.
गुंडा बाहेर आल्यावर म्हणाला, दाजी, गल्लीच्या तोंडाला ऐकू गेलं वो.
त्याला अतिशयोक्तीची सवय आहे.
चंदनबाला पळी हातात धरून तशीच उभी होती. मला वाटलं, ओरडेल. तिनं पळी ठेवली आणि महाराजांना हात जोडले. घागरभर गाळलेलं पाणी, सगळा स्वैपाक, सगळं तसंच. तिनं नंतर लीलाबाईंना बोलावून ते सगळं दिलं. माझ्याकडं बघितलं नाही.

१० ऑक्टोबर
प्रायश्चित्त घ्यायला महाराजांकडं गेलो. पायावर डोकं ठेवलं.  महाराज म्हणाले, असू द्या, आमचं कर्म आमचं. तुम्ही रोज पाच माळा करा. मनात करा.
शेवटचे दोन शब्द त्यांनी पुन्हा म्हटले. मनात.
मग आपण होऊन विचारलं, बाईंनी गोड सोडलंय म्हणे? म्हटलं, हो. म्हणाले, झालं तिचं, दोन घास दिले की. सांगा तिला, धरा आता गोड.
घरी येऊन सांगितलं. चंदनबाला म्हणाली, अर्ध्यात उठलं माणूस दारातनं, त्याला आहार झाला म्हणायचं व्हय? माझं मन न्हाई मानत. चहा तसाच कडू.

१४ ऑक्टोबर
रोज उभे राहतो. महाराज पुढं जातात. मी तोंड गच्च मिटून उभा असतो. ‘तिष्ठ’सुद्धा म्हणत नाही, फक्त ओठ हलवतो. नवी थिअरी: आता नियम उलट दिशेनं...
चंदनबालानं तक्ता मागितला. मला वाटलं, तिला रस वाटायला लागला. तिनं तो घडी घालून चुलीपाशी नेला. मी वेळेत काढून घेतला. कडा जळाल्या, डेटा शाबूत.

२१ ऑक्टोबर
पहाटे मंदिरात महावीर निर्वाणाचा लाडू चढवला. चातुर्मास आज संपला. महाराजांची मोरपिसांची पिंछी बदलण्याचा सोहळा झाला की विहार. म्हणजे महाराज अजून दहाबारा दिवसच. चंदनबालानं प्रसादाचा लाडूही कपाळाला लावून लीलाबाईंना दिला. गल्लीतल्या बायका तिची समजूत काढत होत्या. ती म्हणाली, दहाबारा दिवस हाईत की अजून. मला बघवेना. मी माळ घेऊन बसलो. तीन केल्या.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
गुंडा ओवाळून घ्यायला आला. तबकात काय टाकू, म्हणून विचारत होता, साडी का भांडं. बहीणभाऊ स्वैपाकघरात बराच वेळ बोलत होते. मी दाराशी उभा राहिलो, पण मिक्सर चालू होता. चटणी नव्हती, काही नव्हतं, नुसताच मिक्सर चालू होता.
बाहेर येऊन गुंडा म्हणाला, दाजी, उद्या साताऱ्याला माझं औषधाचं काम हाय, चला की, सृष्टीकडं आठवडाभर ऱ्हावा. मी म्हटलं, इथं केस अर्धवट टाकून? चंदनबाला म्हणाली, जावा की. लेकीला बरं वाटंल.
खरं आहे. कोठीबाबाही केस अडली की डोंगरावरच्या मठात जातो. लांबून जास्त दिसतं.

२४ ऑक्टोबर. सातारा.
कराडला चहाला थांबलो. गुंडाला विचारलं, कुठल्या दुकानात औषध? तो म्हणाला, कसलं औषध दाजी, आक्कीनं ह्या साली ओवाळणीच ही मागितलीया. साडी नगं म्हणाली, त्यास्नी तेवढं साताऱ्याला सोडून ये.
आणि खोखो हसला. यांच्या घराण्यात चेष्टेचं अंग पहिल्यापासूनच आहे. चहा बरा होता.

२५ ऑक्टोबर. सातारा.
सृष्टी आणि जावईबापू कामाला गेले की फ्लॅटमध्ये मी एकटा. आठवं पुस्तक सोबत आणलंय. उघडलं नाही. समोरच्या फ्लॅटमध्ये आज अकराला एक माणूस पिशवी घेऊन गेला, बाराला रिकाम्या हातानं बाहेर आला. दोन दिवस पाळत ठेवणार होतो. नंतर त्याचाही कंटाळा आला. दहा वाजले की तासगावात काय चाललं असेल ते डोळ्यांपुढं येतं. आज फोन केला नाही. सोवळ्यात ती उचलत नाही.

२६ ऑक्टोबर. सातारा.
सृष्टीला सगळं सांगितलं, पहिल्यापासून. तक्ता दाखवला. ती आधी हसली, मग हसायची थांबली. म्हणाली, बाबा, आईनं साखर सोडून साडेतीन महिने झाले आणि तुम्ही मला आज सांगताय? तिनं कधी बोलून दाखवलं नाही फोनवर.
मी म्हटलं, केस गुप्त होती.
ती उठून आत गेली.

२८ ऑक्टोबर, मंगळवार. सातारा. दुपारी दीड.
चंदनबालाचा फोन. आपण होऊन.
आज झाला. निरंतराय. सगळा. महाराजांनी पाणी घेतलं, दूध-भाकरी घेतली, मुगाचं वरण घेतलं, शेवटचं पाणी घेतलं. पंचवीस मिनटं उभे हुते, म्हणाली. माझ्या हातनं, आवं, माझ्या हातनं! आवाज विशीतल्या पोरीसारखा. लीलाबाईंनी तिला तिथल्या तिथं गूळ भरवला. गुंडा शेजारी उभा होता, नुसता हात जोडून.
मलाही रडू आलं. सृष्टीच्या सोफ्यावर बसून रडलो. चष्मा काढून ठेवला.
मग विचारलंच. हातात काय होतं? म्हणाली, कलश आणि नारळ. लुगडं? कसलं तरी, धुतलेलं. निरंजन? न्हाई. काही तरी वेगळं असेल की गं, नीट आठव, जुलैपासून नव्हतं असं आज काय होतं?
 मग म्हणाली, नव्हतं असं काय न्हाई. रोज हुतं असं एक नव्हतं.
तक्ता काढून बघितला. शंभरावर ओळी. घर, वस्तू, रंग, माणसं. आमच्या दाराच्या प्रत्येक ओळीत उजवीकडं कोण उभं होतं ते कुठंच लिहिलेलं नाही. तो रकानाच केला नव्हता. उपवास पडला तो कुणाच्या गायीनं, अंतराय झाला तो कुणाच्या तोंडानं, हे सगळं माझ्याच अक्षरात या वहीत आहे. कोठीबाबाला दुसऱ्या प्रकरणात कळलं असतं. मला साताऱ्याला यावं लागलं.
महाराजांनी रोज काय धरलं होतं ते आता कधी कळणार नाही, आणि खरं तर त्यात माझा हात नव्हताच. पण बायकोच्या तीन-साडेतीन महिन्यांची वाट मी लावली. वाईट वाटलं.
म्हटलं, चंदना, चुकलो. उद्या सकाळच्या गाडीनं येतो.
ती घाईघाईनं म्हणाली, उद्या नगं.
म्हटलं, मग परवा?
म्हणाली, आवं, रविवारी महाराजांचा विहार हाय. लीलाबाईंचा, कोपऱ्यावरच्यांचा, सगळ्यांचा चौका हाय तवर. आख्खी गल्ली म्हणतीया... आणि थांबली. मागं कुणी तरी हसलं. लीलाबाई असणार.
मग अगदी मायेनं म्हणाली, सोमवारी या.
सोमवारचं तिकीट काढलं.